आग कुठेच नाही, बोंब मात्र खरी

झणझणीत मिसळ खाणाऱ्या माणसाचं निरीक्षण करायचं तर त्याच्या शेजारी नव्हे, समोर बसावं. पहिल्या घासाला तो म्हणतो, "नाव मोठं केलंय, एवढी काही तिखट नाही." दुसऱ्या घासाला त्याचं बोलणं कमी होतं. तिसऱ्याला कपाळावर घाम, नाकाला धार, कान लालबुंद आणि गेला बाजार एक उचकी. चौथ्या घासाला तो वाढणाऱ्याला हाक मारतो. आपल्याला वाटतं, आता पाणी मागेल. तो म्हणतो, "थोडी तर्री आणा."

एवढा गहजब चालू असताना त्याच्या तोंडात आग कुठेच लागलेली नसते. मिरचीने जीभ भाजत नाही, फोड येत नाही. कॅप्सायसिन नावाचं एक द्रव्य मज्जातंतूंना थाप मारतं आणि सगळं शरीर ती खरी मानून कामाला लागतं.

ही थाप नेमकी कुठे पचते, ते १९९७ साली कळलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीच्याच मदतीने मज्जातंतूंवरचं एक प्रथिन शोधून काढलं. त्याचं आजचं नाव टीआरपीव्ही१. त्याची खरी नेमणूक उष्णतेवर नजर ठेवायची. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही लागलं की ते उघडतं, तंतूत विजेचा संदेश उठतो आणि मेंदूला वर्दी जाते : भाजतंय! गंमत अशी की कॅप्सायसिन येऊन चिकटलं तरी ते तसंच उघडतं आणि वर्दीही तीच जाते. मेंदू काही स्वतः तोंडात उतरून पाहणी करत नाही. खालून आलेल्या कागदावर जे लिहिलंय ते तो खरं धरतो. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्शाचं कोडं सोडवणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर. मिसळीच्या कुठल्याही दुकानात मात्र त्यांचा फोटो अजून पाहण्यात नाही.

म्हणजे षड्रसांत तिखटाला मानाचं पान असलं, तरी गोड, आंबट, खारट, कडू ओळखणाऱ्या जिभेवरच्या रुचिकलिकांना त्यातलं काही कळत नाही. तिखट कळतं ते वेदना वाहणाऱ्या तंतूंना. चेहऱ्यात ट्रायजेमिनल नावाची एक जाडजूड नस आहे. तिची एक फांदी डोळ्याकडे जाते, एक वरच्या जबड्याकडे आणि एक खालच्या. दाढ ठणकते तेव्हा निरोप तीच नेते, डोळ्यात कचरा गेला तरी तीच. मिरच्या चिरलेला हात चुकून डोळ्याला लागला की चव घेणारं तिथे कोणी नसतानाही आपण नाचतो, ते हिच्यामुळे.

एकदा वर्दी गेली की पुढचं सगळं नियमाप्रमाणे. भाजतंय ना, मग घाम काढून अंग गार करा. काहीतरी जहाल आलंय ना, मग नाका-डोळ्यांतून पाणी सोडून ते धुऊन टाका. त्यात कॅप्सायसिन असेपर्यंत ते ४३ अंशांचं बंधनही ढिलं पडतं आणि एरवी कोमट लागणारं पेयसुद्धा चटका देतं. मिसळीवर लगेच चहाचा घोट घेणाऱ्याचा चेहरा अशा वेळी बघण्यासारखा होतो.

पाण्याचा तांब्या तोंडाला लावूनही फारसा उपयोग नसतो, कारण हे द्रव्य तेलाशी सलगी करणारं आहे, पाण्याला दाद न देणारं. ते तंतूच्या पडद्यातून आत शिरतं आणि आतल्या बाजूने चिकटतं. पहिल्या घासाला माणूस फुशारकी मारू शकतो, ती या प्रवासाला लागणाऱ्या वेळात. मिसळीच्या वाटीत तिखटाचा जोर तरंगतो तोही वरच्या लाल तेलात. जाणकार गिऱ्हाईक चमच्याच्या पाठीने तवंग बाजूला सारतं आणि खालचा रस्सा घेतं. दूध, दही, ताक यांचा उतारा त्यामुळेच लागू पडतो. ज्वारीच्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवायचा, बोटाने त्यात खळगा करायचा आणि शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार सोडायची, ही रीतही तिखटाला थोडी वेसण घालते. रंगावर मात्र जाऊ नये. ब्याडगी मिरची कालवण लालभडक करते नि जिभेला फारसं काही करत नाही. उलट बोटाच्या पेराएवढी लवंगी घाम फोडते.

पिंजऱ्यातला पोपट हीच मिरची कचाकचा खातो. त्यात त्याचं शौर्य नाही. पक्ष्यांमधलं हे प्रथिन जरा वेगळ्या घडणीचं असल्याने कॅप्सायसिनची थाप तिथे चालत नाही. आपल्याकडे ते प्रथिन पहिल्यापासून आहे, मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. ज्ञानेश्वरांच्या काळात तिखटासाठी मिरी, सुंठ आणि पिंपळी होती. मिरी याच प्रथिनाला डिवचते, पण बेताने.

इतकं भाजूनही माणूस पुन्हा खातो, याचं नवल अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांना वाटलं. उंदरांना मिरचीची गोडी लावायचा त्यांनी प्रयत्न केला. उंदीर शहाणे निघाले. माणसाचं तसं नाही. शरीर ओरडत असतं आणि डोक्याला ठाऊक असतं की धोका काही नाही. त्या दोहोंच्या मधल्या फटीत माणसाला मजा सापडते, असं रोझिन म्हणतात. रडवणारे सिनेमेही त्यांनी याच पंगतीला बसवले. पुष्कळांना सर्वांत आवडणारं तिखट असह्य होण्याच्या जेमतेम एक पायरी अलीकडचं असतं, हेही त्यांना दिसून आलं.

पण ही पायरी एका जागी राहत नाही. 'लांडगा आला रे आला'च्या गोष्टीत गावकरी जसे शेवटी घराबाहेर पडेनासे होतात, तसे रोज थापा खाल्लेले तंतू हळूहळू गप्प होतात. डॉक्टर त्याचा उपयोगही करून घेतात. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेवर कॅप्सायसिनच्या पट्ट्या लावतात. तंतू आधी चांगलेच चवताळतात, मग थंडावतात.

तेव्हा "आमच्याकडे याला तिखट म्हणतच नाहीत" असं मिशीला पीळ देत सांगणाऱ्याने थोडा विचार करावा. त्यात घराण्याच्या पराक्रमाचा भाग थोडा; बाकी सगळं नसांनी तक्रार करायचं सोडल्याचं फळ. तंतू थंडावतात तशी मजेची पायरी वर सरकते आणि डब्यातला चमचा अर्ध्याचा पाऊण होतो. अशी वर्षं गेली की जेवताना एक दिवस तो मान हलवून म्हणतो, "हल्लीच्या मिरच्यांत पूर्वीचा दम नाही." त्याच्याच ताटातली तीच चटणी तोंडात घालून शेजारी बसलेला जावई त्या वेळी काहीच बोलत नाही, कारण त्याला बोलताच येत नसतं.