पेट्रोल भरून येतो गं!

ऐकलंत का? ज्या गृहस्थांनी उभ्या जन्मात दुधाची पिशवी आणायला जिना उतरला नाही, ते रविवारी सकाळी सहाला खाली गाडी पुसत असतात. बरं, गाडी तरी कुठली? डुक्कर फियाट! हो हो, तीच. 1950च्या दशकातली, फुगल्या गालांची फियाट 1100, जिला मुंबईकरांनी लाडानं डुक्कर म्हटलं. आणि पुसायला काय घेतलंय, तर बायकोची मऊ सुती ओढणी. साध्या फडक्यानं म्हणे क्रोमवर ओरखडे उठतात. बायकोच्या कपाळावर उठलेल्या आठ्या कोणाला दिसतात?

मुंबई-पुण्यात हे जुन्या गाड्यांचं खूळ साथीसारखं पसरलंय. एकाला लागण झाली की त्याचा साडू, साडूचा मित्र, मित्राचा दंतवैद्य, सगळे आडवे. मग क्लब निघतो. क्लब निघाला की टोप्या आल्या, टी-शर्ट आले, बोनेटवर लावायचे बिल्ले आले आणि व्हॉट्सॲप ग्रुप तर आलाच. त्या ग्रुपवर पहाटे पाचला कार्ब्युरेटरचे फोटो पडतात. नातवाचा फोटो टाकला तर दोन अंगठे. कार्ब्युरेटरला मात्र नमस्कारांची रांग!

भेटले की बोलणं तरी काय? गाडीला चोक किती द्यावा, पॉइंट कोण घासून देतो, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर अस्सल व्हील कॅप कोणाला मिळाली. सांगताना आवाज एवढा खाली जातो की वाटावं, काही भलतंच प्रकरण आहे. तसं ते आहेही. दरवाजाची एक मूठ मिळाली म्हणून पेढे वाटणारे लोक आहेत हे. आणि त्यातही सोवळं-ओवळं बरं का! ज्याची गाडी ‘पहिल्यापासून एकाच पारशी मालकाकडची’ तो ओळीत पहिला. स्टिअरिंगखालच्या दांडीवरचा गिअर काढून कोणी खाली बसवला असेल, तर त्याच्याशी सोयरीक नको. नवीन म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्याचं तर नावच काढू नका.

पण खरी मौज सरकारी नियमात आहे. 2021 साली केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, धंद्याला न लावलेली गाडी. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येणार. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि ती दहा वर्षं चालते. एवढं करून गाडी रोज फिरवायची मात्र नाही! प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्याचसाठी रस्त्यावर आणायची. झालं! नवऱ्यांच्या हाती कायद्यानंच सबबींची यादी दिली. ‘पेट्रोल भरून येतो गं,’ म्हणून निघालेली स्वारी दुपारी लोणावळ्याहून चिक्की घेऊन परतते. तिथल्या पंपावरचं पेट्रोल बहुधा जास्त गोड असावं. भाच्याच्या लग्नात वरातीला गाडी मागितली, तर हेच गृहस्थ कायद्याचं कलम वाचून दाखवतात.

आणि ते रडू! 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची शेवटची मुदत संपली. 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत शेवटची नोंदली गेली होती; वीस वर्षांची अट, खेळ खलास. त्या दिवशी कोण हळहळ! ज्यांनी कुलूप न लागणारं दार हातानं धरून, काच वर जात नाही म्हणून पावसात भिजत टॅक्सीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, तेच डोळे पुसत होते. कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी निघत होती तेव्हा नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. हाती आल्यावर पुन्हा मेकॅनिकची वाट. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स त्यांनीच 1944मध्ये काढली. आपण लोकांना इतकी वर्षं काय सोसायला लावणार आहोत, याचा अंदाज त्यांनाही नसेल.

तसं हे सगळं साहेबाचं. लंडनहून ब्रायटनला दर नोव्हेंबरात 1905च्या आधीच्या गाड्या निघतात. गाडीपुढे माणूस चालत ठेवायचा कायदा 1896मध्ये गेला, त्या आनंदात अजून निघताना, त्या माणसाच्या हाती एके काळी असायचा तसा लाल झेंडा फाडतात. चांगलं धडधाकट कापड! आपल्याकडे ‘स्टेट्समन’ वर्तमानपत्राची दिल्लीतली रॅली 1964 पासूनची. तिथे रेल्वे संग्रहालयातला 1914चा आगीचा बंबसुद्धा नटूनथटून येतो. निजामाच्या रेल्वेचा बंब तो, विझवायला आता काही नाही, म्हणून मिरवतो. कोणाकोणाची आठवण येते, नाही?

एवढी उधळपट्टी निभते कशी, असं तुम्ही विचाराल. तर तिथे येतं पुण्यकर्म. नुसता मिरवायला गेला असता तर घरातून बाहेर पडू दिला असता का कोणी? म्हणून रॅली नेहमी कशासाठी तरी असते. कॅन्सरग्रस्त मुलांसाठी, अनाथाश्रमासाठी, नाहीतर नेत्रदानाच्या प्रचारासाठी. बंपरच्या क्रोमला जेवढे घातले त्यातले निम्मे सरळ देणगीपेटीत टाकले असते तर? मी विचारलं एकांना. त्यांनी असं पाहिलं की जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले.

पण आता खरं सांगते, कोणाला बोलू नका. पांढऱ्या चकचकीत नव्या गाडीत बसायला कोण पैसे देईल? डुक्कर फियाटमध्ये चक्कर मारायला आजोबा नातवाला घेऊन रांगेत उभे राहतात आणि पावती फाडतात. आश्रमातली मुलं बसवली की ती हॉर्न सोडायला तयार होत नाहीत, आणि एरवी काचेवर बोटाचा ठसा उमटला तरी कळवळणारा मालक गुपचूप ऐकून घेतो. मिरवण्याची हौस नसती तर पेटी रिकामीच राहिली असती, बाई. निःस्वार्थी माणसांनी जमवलेल्या वर्गण्या मी पाहिल्यात. मोजायला वेळ लागत नाही.

मोटारसायकलवाल्यांनी तर कहर केलाय. 2012मध्ये सिडनीत सुरू झालेली जंटलमन्स राइड आता आपल्याकडेही निघते. सूट, टाय, पॉलिश केलेले बूट आणि जुनी बुलेट. कधी? तर मे महिन्यात! पुण्याच्या मे महिन्यात टाय! आणि कशासाठी, तर प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनासाठी आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी. प्रत्येकानं ओळखीपाळखीच्यांना लिंक पाठवून देणगी मागायची. जो शब्द घरात डॉक्टरांचा रिपोर्ट उलटा ठेवून टाळला जायचा, तो आता भर चौकात माइकवर. ‘तपासणी करून घ्या’ म्हणत होते, पन्नाशीचे, घामानं निथळणारे, मिशीला पीळ दिलेले! शेजारच्या काकूंनी कानावर हात ठेवले, आणि घरी जाऊन काकांची अपॉइंटमेंट घेतली.

आणखी एक प्रकार ऐका. दृष्टिहीन नेव्हिगेटरांची कार रॅली. रस्त्याचा नकाशा ब्रेलमध्ये, वाचणार तो डोळ्यांनी न पाहणारा, आणि चालवणाऱ्यानं त्याचं मुकाट ऐकायचं. वेगाला किंमत नाही. ठरल्या वेळेआधी पोचलात तरी गुण कापतात. शेजारी बसलेल्या बायकोनं ‘डावीकडे घ्या’ म्हटलं की हमखास उजवीकडे वळणारा माणूस तिथे बोटांनी कागद चाचपणाऱ्या पोराला ‘आता कुठे, सर?’ विचारत होता. सर! हे मी बायकांत सांगितलं तेव्हा देणगीपेटीत सर्वांत जास्त नोटा पडल्या.

आता पुढच्या महिन्याच्या रॅलीला गाडीच्या काळाला शोभेल अशा वेशभूषेचं बक्षीस ठेवलंय. क्लबच्या नावानं बोटं मोडणाऱ्या निम्म्या बायकांनी पेट्या उघडल्यात. कोणाची नऊवारी, कोणाच्या कोपरापर्यंतच्या बाह्या, कोणाच्या आजीचा चष्मा. मी जाणार नाही म्हणून सांगितलं होतं. पण अर्ज पाहिला, त्यात वय फक्त गाडीचं विचारलंय.