शून्याविरुद्ध सेहेचाळीस

शाळेत एका चाचणीत मला गणितात 11 मार्क पडले आणि पुढच्या चाचणीत 19. दोन्ही वेळा नापासच. पण दुसऱ्या खेपेला मी शीळ घालत घरी गेलो होतो. म्हणून 1888 सालच्या वेस्लियनच्या पोरांना ते 46 गुण किती गोड लागले असतील, हे मला कोणी सांगायला नको.

वेस्लियन हे अमेरिकेत कनेटिकटमधल्या मिडलटाउनचं कॉलेज, मेथडिस्टांनी काढलेलं. तिथून 25 मैलांवर न्यू हेवन, आणि तिथे येल. अमेरिकन फुटबॉल तेव्हा अजून घडत होता. चेंडू पुढे फेकायला बंदी. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, म्हणजे मुंडी खाली घालून समोरच्या गर्दीत घुसायचं. येलकडे पज हेफलफिंगरसारखा धिप्पाड गडी होता आणि वॉल्टर कँपसारखा गुरू. कँप घड्याळांच्या कंपनीत नोकरीला, दुपारी सुटका नाही. म्हणून त्याची बायको ॲलिस मैदानाच्या कडेला उभी राहून सराव बघायची आणि सगळा वृत्तांत घरी पोचवायची. लग्नाला जेमतेम काही महिने झालेले! जिथे नव्या संसारातही चर्चा फुटबॉलची, तिथे समोरच्याने जिंकायचं कसं?

येलने त्या मोसमात 13 सामने खेळून 698 गुण केले. त्यांच्यावर झालेले गुण: भोपळा. यातले तीन सामने एकट्या वेस्लियनशी. पहिल्यात 76-0. दुसऱ्यात 46-0. तीस गुणांची सुधारणा! त्या रात्री वसतिगृहात कोणीतरी नक्की हिशेब मांडला असणार, की याच गतीने गेलो तर तिसऱ्या सामन्यात सोळा आणि चौथ्यात आपणच पुढे.

तिसरा सामना 105-0.

या 105 कडे जरा निरखून बघा. टचडाउनचे तेव्हा 4 गुण, त्यानंतरच्या किकचे 2, सेफ्टीचे 2. सगळे सम आकडे. बेरीज विषम यायची तर 5 गुणांचा एक तरी फील्ड गोल मारलेला असलाच पाहिजे. म्हणजे शंभरी गाठण्याच्या त्या धुमाळीत येलच्या एका गड्याने अंतराचा अंदाज घेत, नेम धरून, मन लावून लाथ मारली होती. मला राग येतो तो या लाथेचा. बाकीचं पानिपत समजू शकतो.

गंमत म्हणजे त्याच शरदात वेस्लियनमध्ये 31 वर्षांचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले होते: वुड्रो विल्सन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. फुटबॉलचं त्यांना भारी वेड. पोरांना डावपेचही सुचवायचे. एका सामन्यात तर छत्री नाचवत त्यांनी आपल्या बाजूच्या प्रेक्षकांना ओरडायला लावलं, असं सांगतात. येलविरुद्ध मात्र तीन सामन्यांत 227 गुण खाल्ल्यावर छत्री उघडून तिच्याआड तोंड लपवणंच बरं.

मोसमाचा शेवटचा सामना येल आणि प्रिन्स्टनचा. तिथे येलला दहाच गुण करता आले, पण भोपळा प्रिन्स्टनलाही फोडता आला नाही. आणि विल्सन मूळचे प्रिन्स्टनचे विद्यार्थी.