करायला गेलो सुवर्णदुर्ग

आंजर्ल्याला आजोळी असताना आम्ही एक किल्ला बांधायला घेतला होता. २००४ च्या मे महिन्यात. दत्तूमामाने मुंबईहून कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला होता, मामेभाऊ नंदूकडे 'एज ऑफ एम्पायर्स २' ची सीडी होती, आणि बाहेर आंब्यांच्या अढीवर राखण बसण्यापलीकडे आम्हा दोघांना काही उद्योग नव्हता.

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार-दोन गावकऱ्यांपासून सुरुवात करायची, लाकूड तोडायचं, शेती करायची, सैन्य उभं करायचं आणि शेजाऱ्याचं गाव जाळायचं. १९९९ साली तो आला तेव्हा त्यात तेरा संस्कृती होत्या, पुढच्या वर्षी पुरवणी आली तिच्यात आणखी पाच. मराठे एकाही यादीत नव्हते. पण खेळासोबत नकाशे करायचं एक अवजार फुकट मिळत असे. त्यात आपला समुद्र, आपला डोंगर, आपली लढाई. कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून समोर सुवर्णदुर्ग दिसतो. नंदू म्हणाला, "तो करू. एक किल्ला, दोन गलबतं, अर्ध्या तासाचा डाव. संध्याकाळपर्यंत होईल."

संध्याकाळपर्यंत किल्ला झालाही. इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण लढाई कुठली दाखवायची? १७५५ ची, हे आबांनी ओटीवरून ठरवून टाकलं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्या वर्षी एप्रिलमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, तोही पेशव्यांच्या वतीने. आतलं दारूकोठार पेटलं आणि किल्ला पडला. म्हणजे आता तीन पक्ष हवेत. इंग्रजांचा प्रश्न नव्हता, 'ब्रिटन्स' होतेच. फक्त त्यांच्या हातात बंदुकांऐवजी तिरकमठे होते. आंग्र्यांच्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत, तशी वल्ह्यांची लांब होडी खेळात एकट्या व्हायकिंगांकडे. तेव्हा तुळाजी आंग्रे व्हायकिंग झाले. आणि घोडदळ चांगलं म्हणून पेशव्यांना आम्ही मंगोल केलं. हे आबांना कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी आले ते दुरुस्त्या घेऊनच. सुवर्णदुर्ग एकटा कसा? किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला हवेत ना? घातले. हर्णै आलं म्हणजे मासळीचा लिलाव आला. घातला, म्हणजे एक बाजार, वीस मचवे आणि एक 'ट्रिगर'. ट्रिगर म्हणजे अमुक झालं की तमुक होईल अशी आतली कळ. मचवा किनाऱ्याला लागला की पडद्यावर 'लिलाव सुरू' असं उमटायचं. वीस मचवे एकदम लागले की ते वीसदा उमटायचं आणि त्याखाली लढाई दिसेनाशी व्हायची. जोग नदीच्या खाडीवरून आजोबा-नातवाचं भांडण झालं. नंदूला पूल हवा होता, कारण तो पुलावरून सायकल मारतो. आबा म्हणाले, १७५५ ला कुठला पूल, तर ठेव. शेवटी पूलही ठेवला आणि त्याच्याखाली तरही. पुलावरून काय जाणार? खेळात एक गुप्त मंत्र टाइप केला की कोब्रा मोटार यायची, मशिनगन लावलेली. ती आम्ही दापोलीची एसटी म्हणून सोडली. बाकी सगळं हुबेहूब, फक्त खरी एसटी गोळ्या झाडत नाही.

कासवं नंदूच्या डोक्यातून निघाली. वेळासला २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र संस्था ऑलिव्ह रिडलेची घरटी राखत होती, त्याच्या गोष्टी आमच्याकडेही पोचल्या होत्या. खेळात कासव नव्हतं. 'टर्टल शिप' मात्र होती: कोरियाची, पाठीवर कवच, तोंडातून तोफगोळे. तेव्हा पौर्णिमेच्या रात्री आंजर्ल्याच्या पुळणीवर सहा कोरियन लढाऊ जहाजं अंडी घालायला यायची आणि येता येता कड्यावरच्या गणपतीवर तोफा डागायची. देऊळही खरं तर युरोपातला मठ होता, बाहेर युरोपातलाच एक साधू उभा. त्याला आम्ही गुरव म्हणायचो. तो जवळ आलेल्या शत्रूला मंत्र म्हणून आपल्या बाजूला वळवायचा, त्यामुळे आमच्या गणपतीपाशी निम्मे इंग्रज कायमचे राहायला आले.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे या दुखण्याला 'फीचर क्रीप' असं नाव आहे. आजीकडे त्यासाठी मारुतीचं शेपूट होतं. "मेल्यांनो, करायला गेलात गणपती," असं ती म्हणायची आणि पुढचं वाक्य फणसाच्या चिकात हात असल्यामुळे अर्धवट सोडायची.

पण खरा कहर वाडीने केला. आबांना नकाशात आपली वाडी हवी होती. खेळात एक ताडासारखं झाड असतं, तेच माड, तेच पोफळ. मी आपली वीस-पंचवीस झाडं शिंपडली. आबा चष्मा लावून मोजायला बसले. "आपल्या पोफळी किती?" मला काय ठाऊक! "एकशे साठ. विहिरीपाशी बारा, बांधाला एकोणीस…" असं करत त्यांनी पाटाच्या दोन्ही बाजूंनी एकेक पोफळ मला लावायला लावली. दुपारी भारनियमनात वीज जायची, न साठवलेल्या पोफळी मरायच्या, चार वाजता पुन्हा लावणी. खऱ्या वाडीत एवढे कष्ट मी कधी घेतले नाहीत.

आणि लावून झाल्यावर चाचणीला डाव सुरू केला, तर निळ्या सदऱ्यातला एक गावकरी शांतपणे कुऱ्हाड घेऊन वाडीत शिरला. आबांचा आवाज पार पाखाडीपर्यंत गेला. "अरे धर त्याला! पोफळ तोडतो शिंचा!" मी म्हणालो, आबा, एका झाडाचं शंभर लाकूड मिळतं. "पोफळीचं लाकूड? फार तर पन्हळ होईल तिची!" तो मात्र तोडत राहिला. नंदूला त्याला थांबवायचं बटण सापडेना, म्हणून त्याने घाईत डाव साठवला आणि सरळ कॉम्प्युटर बंद केला.

असं तीन सुट्ट्या चाललं. २००६ च्या मेमध्ये नंदूने वाचलं की जेम्सच्या मागे त्याच्या बायकोने लंडनमधल्या शूटर्स हिलवर त्या विजयाचं स्मारक बांधलं, १७८४ साली, तिकोनी बुरूज, नावच 'सेव्हर्नड्रूग'. म्हणजे आमच्या हर्णैसमोरचं नाव लंडनच्या टेकडीवर! नंदूने कोपऱ्यात समुद्र बुजवून लंडन करायला घेतलं. तेवढ्यात कॉम्प्युटरने मान टाकली. गलबत हर्णैहून निघालं की किल्ल्याच्या अर्ध्या वाटेवर आमचा चहा होई. जेम्सला खरा सुवर्णदुर्ग काही दिवसांत मिळाला. आमचा खोटा कधी पडलाच नाही, कारण त्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही.

पुढे कळलं की हा रोग आमच्या घरापुरता नव्हता. याच खेळाच्या काही वेड्या चाहत्यांनी 'फॉरगॉटन एम्पायर्स' नावाचा मॉड केला, म्हणजे मूळ खेळात स्वतःच्या भरी घातल्या: इटालियन, इंका, स्लाव, मग्यार आणि भारतीय. आमच्यात आणि त्यांच्यात फरक इतकाच की त्यांनी तो पूर्ण केला. २०१३ साली मूळ मालकांनी तो अधिकृत पुरवणी म्हणून घेतला आणि त्या चाहत्यांची चक्क कंपनी झाली. मग शेपूट वाढतच गेलं. २०२२ मध्ये संस्कृती ४२ झाल्या. त्या वर्षी 'भारतीय' हे एकत्र कुटुंब मोडून त्याची वाटणी झाली: हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली, द्रविड. मराठ्यांच्या नावे त्यात गुंठाभरसुद्धा आला नाही. 'एम्पायर: टोटल वॉर' या दुसऱ्या खेळात २००९ पासून मराठे आहेत म्हणे, पण तिथे आमची एसटी कोण घेणार?

आबा २०११ मध्ये गेले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीमुळे मी पुण्यात अडकलेलो. आंजर्ल्याची वीज गेली, फोन गेले. पाच दिवसांनी दत्तूमामाचा आवाज आला. रेंज मिळावी म्हणून तो चढून कड्यावर गेला होता.

"वाडी झोपली रे," म्हणाला. मग बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. "पोफळी एकमेकींत आणि शेजारच्यांच्या वाडीत पडल्यात. बुंधे मोडलेत, कुणाच्या कुठल्या कळत नाही. पंचनाम्याला आकडा द्यायचाय. आबांना तोंडपाठ होत्या. मी कधी मोजल्या नाहीत."

माझ्या कपाटात एक जुना लॅपटॉप होता आणि त्यात नंदूने घाईत साठवलेला तो डाव. तासाभराने मामाने पुन्हा फोन केला तेव्हा मी पडद्याला नाक लावून बसलो होतो. विहिरीपाशी बारा. बांधाला एकोणीस. पाटाच्या कडेने एकेक. समुद्रात कोरियन कासवं थिजून उभी होती.

"मामा, एकशे त्रेपन्न."

"असं कसं? मी तीन दिवस ओढून वेगळ्या केल्यात. पडलेल्या एकशे अडतीस, उभ्या बावीस. एकशे साठ होतात."

मी पुन्हा मोजल्या. एकशे त्रेपन्नच. मग पाटाच्या टोकाला बारीक खुंट दिसले. सात. आणि त्यांच्याशेजारी तो, कुऱ्हाड वर उचललेली.

"मामा, सात त्या निळ्या सदऱ्यातल्याने तोडल्यात."

"आबा शिव्या घालत होते तो?"

"तोच."

"मग जुळतंय," मामा म्हणाला, आणि रेंज गेली.