सदाशिव पेट्टै

मैलापूरला मुलाकडे राहायला येईपर्यंत नाना कट्टर संस्कृतवाले होते. कुठलाही शब्द धरून ते दोन वळणांत पाणिनीच्या दारात नेऊन सोडत. इथे कुणीतरी त्यांना विश्वनाथ खैऱ्यांचं ‘द्रविड महाराष्ट्र’ वाचायला दिलं आणि नानांनी पक्ष बदलला. पद्धत जुनीच, दार तेवढं नवीन.

अक्का, अण्णा हे शब्द मराठीत दक्षिणेतून आले हे जाणकारही मानतात, त्यामुळे नानांची सुरुवात बिनतोड असते. धोका पुढे. सैदापेट, चिंताद्रिपेट अशा पाट्या वाचून एका रात्री त्यांनी पुण्याच्या चुलतभावाला फोन लावला : “आपली सदाशिव पेठ म्हणजे मूळची पेट्टै रे!” पलीकडून फोन ठेवला गेला. तेव्हापासून दिवाळीचा फराळ येत नाही.

शेजारी तमिळचे निवृत्त प्राध्यापक राहतात. फार सोशिक माणूस. ते समजावतात, “सार, कन्नडमध्ये कान म्हणजे किवि, तमिळमध्ये सेवि. तिकडे क, तर इकडे च किंवा स, हा नियम. एका शब्दाला लागला तसा इतर शब्दांनाही लागला पाहिजे. नुसता आवाज जुळून भागत नाही.”

नानांना नियम ऐकूच येत नाही. “किवि! म्हणजे केविलवाणा! कानाला ऐकवत नाही असा!”

प्राध्यापक आणखी कॉफी मागवतात.

सकाळी फिरायला मरीनावर. तिथे १९६८ सालापासून कॉल्डवेलचा पुतळा आहे. द्रविड भाषांचं तौलनिक व्याकरण त्यांनी १८५६ मध्ये छापलं. पण या भाषांचं कूळ वेगळं, हे त्याआधी चाळीस वर्षं, १८१६ मध्ये, मद्रासचे कलेक्टर एलिस यांनी मांडलं होतं. या अन्यायाबद्दल नाना पुतळ्याला रोज मराठीतून झापतात. शेंगदाणेवाल्यांना सवय झाली आहे.

परतताना रिक्षा. शंभराची नोट घेऊन रिक्षावाला एकदा म्हणाला, “सिल्लरै इल्लै.” नाना हरखले. “चिल्लर! अहो, आपलं चिल्लर!” त्याच्या खांद्यावर थाप मारून, उरलेले पैसे न घेताच ते उतरले. आता त्या स्टँडवर नानांसाठी कुणाकडेच सुटे नसतात. म्हणून हल्ली काकूच सोबत जातात, आणि रिक्षावाल्यानं तोंड उघडायच्या आत मोजून पैसे त्याच्या हातावर ठेवतात.