अडत्या बेलव्ह्यूचा, गिऱ्हाईक बर दुबईचं

वाशीच्या मार्केटात फळं-भाजीपाल्याची अडत कोणी द्यायची यावरून २०१६ साली केवढं रणकंदन झालं! सरकार म्हणालं, आता शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्या. व्यापाऱ्यांनी गाळ्यांची शटरं ओढली, मुंबईकरांनी काही दिवस कोथिंबिरीवाचून पोहे खाल्ले, आणि हे सगळं शेकड्याला सहा-आठ रुपयांसाठी. कॉम्प्युटर गेमच्या धंद्यात शेकड्याला तीस जातात आणि शटर कोणी ओढत नाही.

या धंद्याचा मोठा अडत्या अमेरिकेत, सिएटलच्या शेजारी बेलव्ह्यूला बसतो. पेढीचं नाव व्हॉल्व्ह, दुकानाचं नाव स्टीम, उघडलं २००३ साली. गेम तुम्ही पुण्यात बनवा, पोलंडमध्ये बनवा नाहीतर अबुधाबीत. कॉम्प्युटरवर विकायचा म्हटलं की माल बहुधा बेलव्ह्यूच्याच ओट्यावर उतरतो. शंभरातले तीस तिथे कापले जातात, उरलेले सत्तर प्रकाशकाच्या हातात पडतात. मग प्रकाशकाचा उपाध्यक्ष विमानात बसून दुबईला येतो, गळ्यात ओळखपत्र अडकवतो आणि व्यासपीठावरून सांगतो, की वितरणाचा मार्ग निवडताना आम्ही फक्त खेळाडूंचं हित बघतो. इथल्या सभागृहांतला एसी एवढा कडक असतो, की तोवर खेळाडूंचं हित गारठून गेलेलं असतं.

उपाध्यक्ष खरं तर गर्दी बघतो. गर्दी नसेल तिथे आगाऊ रक्कम बघतो. बाकीचं भाषणासाठी.

गर्दी म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी चार कोटींहून जास्त माणसं हजर होती. एवढं गिऱ्हाईक ज्याच्या ओट्यावर, त्याच्याशी घासाघीस कोण करणार? तरी २०१८ च्या अखेरीला व्हॉल्व्हने आपण होऊन सवलत दिली. एखाद्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली, की पुढच्या विक्रीवर २५ टक्के. ५ कोटींच्या वर गेली, की २० टक्के. म्हणजे दहा ट्रक घेऊन येणाऱ्या बागायतदाराला अडत कमी, आणि टोपलीत मेथीच्या चार जुड्या घेऊन आलेल्या म्हातारीने पुरते तीस मोजायचे. या पैशांचं पुढे काय होतं अशी चिंता कोणाला असेल, तर पेढीचे मालक गेब न्यूवेल यांनी २०२५ साली ओशियानको ही आलिशान बोटी बांधणारी डच कंपनीच विकत घेतली. दुबई मरीनाच्या काठावर फिरताना मी हल्ली बोटींकडे जरा आपुलकीने बघतो. आमच्या घरच्या पोराने दर उन्हाळी सेलमध्ये घातलेल्या पैशांतून एखाद्या बोटीचा निदान नांगर तरी आला असेल.

बड्या प्रकाशकांची बंडं झालीच नाहीत असं नाही. ईएने २०११ साली आपले मोठे गेम स्टीमवरून काढून ओरिजिन नावाचं स्वतःचं दुकान थाटलं. २०१८ साली बेथेस्डाने ‘फॉलआउट ७६’ फक्त आपल्या घरी ठेवला आणि अॅक्टिव्हिजनने ‘कॉल ऑफ ड्यूटी’ची नवी खेप बॅटल-नेट या आपल्या दुकानावर नेली. २०१९ ला युबिसॉफ्टही ‘द डिव्हिजन २’ घेऊन निघालं. तीस टक्के वाचवू आणि गिऱ्हाईकही आपलंच ठेवू, असा हिशोब. गिऱ्हाइकाच्या वाट्याला त्यातून एकेका दुकानाचा एकेक पासवर्ड आला, आणि ऐन शुक्रवारच्या रात्री, मित्र ताटकळत असताना, नेमका हवा तोच आठवेना.

पुढे काय झालं ते कॅलेंडरवर लिहिलेलं आहे. २०१९ च्या शेवटी ईए परत. २०२० मध्ये ‘फॉलआउट ७६’ परत, आणि २०२२ मध्ये बेथेस्डाचं दुकान कायमचं बंद. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी’ परत, डिसेंबरात युबिसॉफ्ट परत. परतीची पत्रकं निघाली, त्यांतही खेळाडूंचं हित होतंच. जाताना होतं, येतानाही होतं. एवढा प्रवास त्या बिचाऱ्या हिताला झेपतो तरी कसा! वर आणखी गंमत अशी, की या मंडळींचे गेम स्टीमवर पैसे मोजून घेतले, तरी चालू करताना बऱ्याचदा मध्ये त्यांचं स्वतःचं दुकान उघडतंच. दिवाळं निघालं तरी पाटी उतरवायची नाही.

एपिकचं बंड मात्र पैसेवाल्याचं होतं. ‘फोर्टनाइट’ या आपल्या गेमच्या कमाईवर त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये दुकान काढलं आणि अडत लावली १२ टक्के. आता सगळे प्रकाशक तिकडे धावतील, असं भोळ्या माणसाला वाटावं. पण ओट्यावर गिऱ्हाईक नसेल तर कमी अडतीचं करायचं काय? म्हणून एपिकने आगाऊ रक्कम काढली. ‘मेट्रो एक्झोडस’ची आगाऊ नोंदणी स्टीमवर चालू होती, गेम यायला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना, जानेवारी २०१९ च्या अखेरीला, प्रकाशकाने जाहीर केलं की आता एक वर्ष हा माल फक्त एपिककडे मिळेल. ‘कंट्रोल’ या गेमच्या वेळी तर प्रकाशकाची इटालियन मालक कंपनी डिजिटल ब्रॉस हिच्या हिशेबातच एपिककडून आलेले सुमारे ९५ लाख युरो दिसले. खेळाडूंच्या हिताचा भाव इतक्या स्पष्ट अक्षरांत क्वचित छापला जातो.

एवढा खर्च करणाऱ्या एपिकच्या दुकानात खरेदीची टोपली मात्र नव्हती. एक वस्तू घ्या, पैसे द्या, दुसरीसाठी पुन्हा पहिल्यापासून. टोपली आली डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे दुकान उघडल्यावर तीन वर्षांनी. करामातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दहा बाय दहाच्या जागेत तीन टोपल्या आहेत, त्यातली एक मोडकी आहे, पण आहे. एपिक दर आठवड्याला फुकट गेम वाटतं, ते आमच्या इमारतीतली सगळी मुलं न चुकता गोळा करतात, आणि खेळायला स्टीमवर जातात.

इतरही दुकानं आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली आपली अडत ३० वरून १२ वर आणली. जीओजी गेमला कुलूप न लावता विकतं. इच नावाच्या दुकानात तर अडत किती द्यायची ते विकणाराच ठरवतो, अगदी शून्यसुद्धा. ही शेवटची दोन फार सज्जन दुकानं. उपाध्यक्ष त्यांचं नाव आदराने घेतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो.

लहानांचं गणित वेगळं असतं आणि त्याला हसणं जरा जड जातं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ साली किकस्टार्टरवर पैसे उभारायचा प्रयत्न फसला, तरी लोक चिकटून राहिले. गेम बाहेर आला ऑगस्ट २०२० मध्ये, आणि पहिल्यांदा आला तो निन्टेन्डो स्विचवर; कॉम्प्युटरवर यायला ऑक्टोबर उजाडला. आता निन्टेन्डो आपली यंत्रं भारतात अधिकृतपणे विकतच नाही. म्हणजे पुण्यात बनलेला, दुर्गेची आणि विष्णूची गोष्ट सांगणारा खेळ सर्वांत आधी पुण्यात बघायचा, तर यंत्र बाहेरून आणायला हवं. ते बऱ्याचदा येतं दुबईहून, कोणाच्या तरी मावसभावाच्या हँडबॅगेत, खजूर आणि टँगच्या डब्याच्या मध्ये. वरवर बघता हा अस्सल पुणेरी निर्णय: आमची कुठेही शाखा नाही, हवं असेल त्याने यावं. पण स्टीमवर २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून जास्त गेम आले. त्या ढिगात पुण्याचा एक गेम टाकला तर तो सापडेल कोणाला? निन्टेन्डोने मात्र आपल्या कार्यक्रमात त्याचं नाव घेतलं आणि त्याच दिवशी तो विक्रीला ठेवला. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी ‘राजी’ला नामांकनही मिळालं. गर्दीपेक्षा उजेड निवडला म्हणा. उपाध्यक्षाच्या स्लाइडवर हे नसतं.

गिऱ्हाइकाला मात्र कोणी काही निवडू देत नाही. गिऱ्हाईक कोण आहे हेही दुकानच ठरवतं. स्टीम प्रकाशकाला एक तक्ता देतं: डॉलरमध्ये एवढी किंमत असेल तर रुपयात एवढी सुचवतो, दिरहममध्ये एवढी. बहुतेक प्रकाशक तो तक्ता बघून होकार देतात. त्या तक्त्यात अमिरात हा एक देश, त्याची एक किंमत. देशातल्या दहा माणसांतली जवळजवळ नऊ परदेशी आहेत, ही गोष्ट तक्त्याला ठाऊक नाही. पाम जुमेरावरच्या बंगल्यातला वारस आणि सोनापूरच्या कामगार वस्तीत एका खोलीत आठ जणांत राहून सेकंडहँड लॅपटॉपवर खेळणारा डिलिव्हरीवाला, दोघांनाही तेवढेच दिरहम. समाजवाद शेवटी आला तो असा, बेलव्ह्यूमार्गे.

बरं, आमच्यासारख्यांचं खातं निघालेलं असतं कॉलेजात असताना, सांगलीत किंवा नाशकात, रुपयांत. इथे आलो की दुकान विचारतं, आपण आता कुठले? देश बदलायचा तर त्या देशातलं कार्ड लागतं, आणि एकदा बदलला की तीन महिने गप्प बसायचं. एवढ्या अटी तर व्हिसालाही नसतात. मग वाटतं, रुपयात स्वस्त पडतो तर सांगलीच्या भाच्यालाच सांगू, मामाला वाढदिवसाची भेट पाठव. तर दोन देशांतल्या भावात फार फरक असेल तर स्वस्त गावाहून महाग गावाला भेट पाठवता येत नाही, असा २०१७ पासूनचा नियम. सांगलीहून दुबईला हळद येते, चिवडा येतो, आजीने चोरून कोंबलेलं लोणचं तीस किलोंच्या सामानात गळत गळत येतं. वजनच नसलेला गेम तेवढा येत नाही.

यावर जगभरच्या हुशार गिऱ्हाइकांनी तोड काढली होती. व्हीपीएन लावायचं आणि आपण अर्जेंटिनात किंवा तुर्कस्तानात राहतो असं दुकानाला भासवायचं. तिथलं चलन गडगडलेलं, गेम कवडीमोल. तुर्कस्तानात अचानक एवढे ‘रहिवासी’ वाढले की जनगणना घ्यावी लागली असती. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉल्व्हने दोन्ही देशांची चलनंच बंद केली आणि तिथल्यांना डॉलरमध्ये मोजायला लावलं. फिरकी घेतली फ्रँकफर्टच्या आणि फरीदाबादच्या पोरांनी, भुर्दंड बसला इस्तंबूलच्या पोराला. इथे अमिरातीत तर या युक्तीला आणखी एक पदर आहे. व्हीपीएन बाळगणं गुन्हा नाही. पण गुन्हा करण्यासाठी त्याआड लपलं, तर २०२१ च्या कायद्यानुसार दंड ५ लाख ते २० लाख दिरहम. चाळीस दिरहम वाचवणं त्यात बसतं का, हे कोर्टात तपासून घ्यायची हौस आमच्यापैकी कोणालाही नाही.

उरतो राजमार्ग. खालिद बिन वलीद रस्त्यावर कॉम्प्युटरच्या दुकानांत पूर्वी गेमच्या खोक्यांच्या भिंती असायच्या. पुढे खोकं आलं पण आत तबकडी नव्हती, नुसता कोड छापलेला कागद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निदान फसवणूक तरी प्रामाणिक होती, पन्नास रुपयांत तबकडी मिळायची. आता काउंटरवर कार्डं लटकतात: इतक्या दिरहमचं स्टीम, खरवडा आणि खेळा. प्रकाशकाला व्हॉल्व्ह काही कोड फुकट देतं, तेही विनाअडत, दुसऱ्या दुकानांत विकायला. अट इतकीच की आमच्या गिऱ्हाइकाला त्याहून वाईट भाव देऊ नका. अडत्यानेच मागचं दार उघडं ठेवलं आणि त्या दाराचा भावही स्वतःच ठरवला. वुल्फायर नावाच्या अमेरिकन स्टुडिओने २०२१ मध्ये व्हॉल्व्हच्या असल्याच भावबंधनांवर मक्तेदारीचा दावा ठोकला. बाकीचे प्रकाशक त्या खटल्याकडे फार लांबून, फार आशेने बघतात.

दुबईला या सगळ्यातून मोठं व्हायचं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार २०३३ पर्यंत हे शहर जगातल्या पहिल्या दहा गेमिंग शहरांत असेल, ३० हजार नोकऱ्या येतील. येवोत. आमच्या मंडळाच्या खजिनदारांचा मुलगा आत्तापासूनच बर दुबईच्या फ्लॅटमध्ये गेम बनवतो आहे. वडापाव विकणाऱ्या उंटाचा. परवा त्याने वडिलांकडे ३६७ दिरहम मागितले. स्टीमवर गेम ठेवायचे १०० डॉलर आधी भरावे लागतात. खजिनदारांनी विचारलं, हे परत मिळतात का? मुलगा म्हणाला, मिळतात, १००० डॉलरची विक्री झाली की. खजिनदारांनी वहीत ती रक्कम देणगीच्या खात्यात लिहिली.