ताकाला जाऊन पीडीएफ

कढीपत्त्याला आंबट ताक घालावं हे महाराष्ट्रात कुणी कुणाला शिकवत नाही, ते येतंच. आमच्या गॅलरीतला कढीपत्ता वीतभर वाढून अडून बसला, तेव्हा इमारतीच्या प्रत्येक मजल्यावरून हे एकच औषध सुचवलं गेलं. दूधवाल्यानंही तेच सांगितलं, पण त्यात त्याचा धंदा होता. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "याला शास्त्रीय आधार काय?"

हा प्रश्न विचारला की समोरचा गप्प होतो आणि आपण थोर होतो. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि पुढे आयुष्यभर बँकेत चेक पास केले. आता पेन्शन सुरू झाली, पण आतला वनस्पतिशास्त्रज्ञ निवृत्त व्हायला तयार नाही. ही म्हणाली, "अहो, झाड जगवायचंय की त्याच्यावर पीएचडी करायचीय?" दुसरी शक्यता तोवर माझ्या डोक्यातच आली नव्हती.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला कढीपत्त्याचा कळवळा होता असं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर "संशोधन असं सांगतं की..." या शब्दांनी सुरू होणारा एक मेसेज मला टाकायचा होता. त्या तीन टिंबांच्या जागी काय घालायचं ते शोधणं एवढंच बाकी होतं.

सुरुवात गूगल स्कॉलरपासून केली. २००४ पासून हे फुकट चालू आहे, आणि पेपर पैसे मागत असला तरी त्याच्याखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे बोट ठेवलं की पुष्कळदा लेखकानंच कुठेतरी ठेवलेली मोफत प्रत सापडते. कढीपत्ता टाकला आणि पहिल्या पानापासून उंदीर सुरू झाले. उंदरांना आधी मधुमेह करायचा, मग कढीपत्त्याचा अर्क पाजायचा, मग साखर मोजायची. शेवटी उंदरांचं काय होतं ते ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये एका वाक्यात दिलेलं असतं, ते जेवणाआधी वाचू नये. पण त्या उंदरांच्या वाट्याचा कढीपत्ता ज्या झाडाचा होता, त्या झाडाला ताक घालत होते की नाही, यावर एकही शास्त्रज्ञ तोंड उघडत नाही.

मग कळलं की या झाडाची शास्त्रीय नावंच दोन आहेत. बहुतेक पेपर त्याला मुराया कोएनिगी म्हणतात, तर लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या मोफत कोशात ते बर्गेरा कोएनिगी आहे. आधारवर एक नाव आणि पॅनवर दुसरं असलं की बँकेत काय होतं ते मी जाणतो. इथे उलटं आहे. दोन्ही नावांनी शोधावं, माल जास्त मिळतो.

पबमेडवर गेलो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं साडेतीन कोटींहून जास्त नोंदी तिथे मांडून ठेवल्यात. नोंद आणि सारांश सगळ्यांना फुकट, पूर्ण पेपर फुकट असेलच असं नाही. म्हणून डावीकडच्या ‘फ्री फुल टेक्स्ट’वर आधी टिचकी मारावी. हे शहाणपण मी आता लिफ्टमध्येही वाटतो. अर्काइव्हवरही जाऊन आलो. पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं १९९१ साली लॉस अलामॉसमध्ये सुरू केलेलं हे भांडार मुख्यतः भौतिकी, गणित आणि संगणकशास्त्राचं. कढीपत्त्याचा तिथे काही संबंध नाही. पण गणिती पेरेलमाननं प्वांकारेच्या कूटप्रश्नाची उकल २००२ साली तिथेच टाकायला सुरुवात केली, कुठल्या जर्नलला पाठवलीही नाही, आणि पुढे दहा लाख डॉलरचं बक्षीसही नाकारलं. मीही आजवर कुठल्या जर्नलला काही पाठवलेलं नाही. म्हणजे अर्धं साम्य जमलं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी कुणीतरी बक्षीस देऊ करायला हवं.

आणि मग मी शोधगंगेत पडलो.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रानं देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध इथे ठेवले आहेत. प्रबंध अखंड नसतो, त्याच्या वेगवेगळ्या फायली असतात. आधी मुखपृष्ठ, मग प्रमाणपत्र, मग प्रतिज्ञापत्र, मग ऋणनिर्देश, आणि विज्ञान नंतर कधीतरी. शहाणा माणूस निष्कर्षाची फाईल उघडतो. मी ऋणनिर्देशाची उघडली आणि मला व्यसन लागलं. प्रबंध कशावर आहे याच्याशी मला देणंघेणं उरलं नाही. भुईमुगाचा टिक्का रोग असो, संत साहित्यातला अद्वैतविचार असो की सहकारी पतसंस्थांची थकबाकी, मी थेट ऋणनिर्देशावर जातो आणि तिथूनच परत फिरतो.

मराठी ऋणनिर्देशाचं स्वतःचं व्याकरण आहे. पहिला परिच्छेद मार्गदर्शकांचा. त्यांचं प्रेरणादायी, अमूल्य, मौलिक, पितृतुल्य असं सगळं मार्गदर्शन एकाच वाक्यात लाभलेलं असतं, आणि विशेषणं जितकी जास्त तितकी गाईडनं फायली अडवून ठेवलेली असावी असा माझा अंदाज आहे. मग विभागप्रमुख, प्राचार्य आणि संस्थेचे अध्यक्ष, साहेब, दादा, आबा, असे भीतीच्या चढत्या क्रमानं येतात. ग्रंथपाल येतात. ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ येतात, म्हणजे ज्यांची नावं राहिली तर पुढे लग्नाकार्यात भांडणं होतील ते. अक्षरजुळणी करून देणारा डीटीपीवाला न चुकता येतो, कारण हे पानही त्याच्याच हाताखालून जायचं असतं.

मग घर येतं, आणि इथे माझं हसू हळूहळू कमी होतं. पुरुषाच्या प्रबंधात पत्नीनं ‘संसाराची जबाबदारी समर्थपणे पेलली’ असते. बाईच्या प्रबंधात पतीनं आणि सासूबाईंनी ‘परवानगी दिली’ असते. एकीकडे पेलणं, दुसरीकडे परवानगी. एवढ्या फरकावरच कुणीतरी प्रबंध करावा आणि त्याच्या ऋणनिर्देशात काय लिहितात ते मला कळवावं. कुणी लिहितो, आईला वाचता येत नाही, पण हा प्रबंध तिचा आहे. कुणी मजुरी करून शिकवणाऱ्या थोरल्या भावाचं नाव घालतो. पीएचडीपर्यंत पोचलेला घरातला पहिलाच माणूस त्या पानावर किती जणांना खांद्यावर घेऊन उभा असतो! आणि शेवटी येतं ते वाक्य: ज्या शेतकरी बांधवांनी मुलाखती दिल्या, त्यांचा मी ऋणी आहे. नावं नाहीत. नुसतं ‘बांधव’.

या बांधवासाठी मी जरा चिडून बोलणार आहे. त्यानं दुपारची कामं सोडून प्रश्नावल्या भरून दिल्या, बांधावरची माती दिली. संशोधनाला बहुधा पैसा सरकारचा, म्हणजे कराचा. लिहिणाऱ्याला जर्नल मोबदला देत नाही. पेपर तपासणारे तज्ज्ञही सहसा फुकटच तपासतात. आणि छापून आल्यावर तोच पेपर उघडायला तीस-चाळीस डॉलर पडतात. त्या बांधवाच्या मुलीला आपल्याच रानातल्या मातीबद्दल वाचायचं झालं, तर दारावर कुलूप. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली: तीन वर्षांत ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं. सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांमधल्या विद्यार्थ्यांची आणि संशोधकांची मोठी सोय झाली, हे चांगलंच झालं. पण गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर आणि द्राक्षबागेतला माणूस बाहेरच राहिला. एवढ्या पैशात किल्ल्या घेतल्या. कुलपं तशीच आहेत.

म्हणून मला त्या दारं उघडी ठेवणाऱ्या मंडळींबद्दल माया वाटते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ साली सुरू झालेली डीओएजे ही यादी आज वीस हजारांहून जास्त मुक्त जर्नलं सांभाळते. ‘अनपेवॉल’ ब्राउझरमध्ये बसवलं की कुलूपबंद पेपरची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर कडेला हिरवं उघडं कुलूप दिसतं. आपल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर मिळतात. आणि हे सगळं संपलं की सर्वांत जुना डेटाबेस उरतो: लेखकाला पत्र लिहिणं.

कढीपत्त्याच्या लागवडीवरचा एक पेपर काही केल्या उघडेना, तेव्हा मी त्याच्या लेखकाला ईमेल लिहिलं. खाली सही करताना ‘निवृत्त बँक अधिकारी’ असं टाइप केलं, खोडलं, आणि ‘इंडिपेंडंट रिसर्चर’ असं लिहिलं. पाठवल्यावर आरशात पाहून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर. पेपर, त्याच्यासोबत न मागितलेले आणखी दोन, आणि कुठल्या विद्यापीठात आहात याची साधी चौकशीही नाही. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचायला मागतंय याचाच आनंद त्या पत्रात इतका होता की मला माझ्या सहीची थोडी लाज वाटली. खाली एक ओळ होती: कुंडीत पाणी साचत नाही ना, ते पाहा, झाड मोठ्या कुंडीत, पूर्ण उन्हात ठेवा.

ठेवलं. झाड तरारलं. आता घरात दोन पक्ष आहेत. माझ्या मते ऊन आणि निचरा. हिच्या मते ताक, कारण मी उंदरांचे पेपर वाचत होतो तेव्हा ती रोज ताकाचं भांडं विसळून ते पाणी त्यात ओतत होती. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर निष्कर्ष काढता येत नाही, हे मी तिला समजावलं. दुसरी कुंडी आणू, तिला ताक द्यायचं नाही, तिला कंट्रोल म्हणतात, असंही सांगितलं. "एका झाडाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे मला जमणार नाही," ती म्हणाली. विज्ञान तिथेच थांबलं.

माझा प्रबंध त्यामुळे लांबला आहे, पण ऋणनिर्देश लिहून तयार आहे. त्यात अर्काइव्हचे गिन्सपार्ग आहेत, पबमेडचे ग्रंथपाल आहेत, गांधीनगरचा सर्व्हर आहे, ज्ञात-अज्ञात उंदीर आहेत. शेवटी पद्धतीप्रमाणे हिचे आभार मानले होते. तिनं वाचलं आणि म्हणाली, "आभार राहू देत, ताक कुणाचं होतं तेवढं लिहा." तिचं नाव तिथून काढून मी मुखपृष्ठावर टाकलं आहे, मार्गदर्शकाच्या जागी.