परग्रहवासीयाचं बारसं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

यानाचा आराखडा झाला, परग्रहाला दोन सूर्य देऊन झाले, आणि आता खलनायकाला नाव हवं म्हणून तुम्ही ‘झॉर्ग’ लिहिणार आहात. लेखणी खाली ठेवा. ‘झ’, ‘क्ष’ आणि मधेच टांगलेला अपॉस्ट्रॉफी यांवरून नवशिका लांबूनही ओळखू येतो. ‘स्टार ट्रेक’ला हे खपलं, कारण तिथे व्हल्कन लोकांच्या नावांना काहीएक रीत होती. पुरुष स्पॉक, सारेक, सुराक. बायका टी’प्रिंग, टी’पाउ. तुमच्या झॉर्गच्या घराण्यात आणखी कोण कोण आहे? सांगता येत नसेल तर खोडा.

अंतराळातलं नाव अंतराळात शोधायचं नसतं. सुरुवात घरातून करा. क्रिस कार्टर यांनी १९९३ साली ‘द एक्स-फाइल्स’ सुरू केली तेव्हा नायकाला आपल्या आईचं माहेरचं आडनाव दिलं : मल्डर. नायिकेसाठी त्यांनी विन स्कली यांचं आडनाव उचललं. हे गृहस्थ लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाच्या बेसबॉल सामन्यांचं धावतं वर्णन करत. उडत्या तबकड्यांमागे धावणारी टीव्हीवरची सर्वांत गाजलेली जोडी अशी अर्धी आजोळची आणि अर्धी समालोचनाच्या खोलीतली आहे.

स्वतःचं नाव द्यायचा मोह होईल. द्या, पण परिणामाला तयार राहा. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडेनबेरी यांचं मधलं नाव वेस्ली. ते त्यांनी १९८७च्या नव्या मालिकेतल्या हुशार पोराला दिलं, आणि वेस्ली क्रशर पडद्यावर आला की कित्येक चाहते कपाळाला हात लावू लागले. त्याच मालिकेतलं दुसरं नाव मात्र शिकण्यासारखं आहे. जॉर्ज ला फोर्ज नावाचा एक चाहता स्नायूंच्या दुर्धर आजाराने खुर्चीला खिळला होता. तो १९७५ साली गेला. बारा वर्षांनी जॉर्डी ला फोर्ज पडद्यावर आला. जन्मापासून अंध, डोळ्यांवर यंत्राची पट्टी, आणि पहिल्या हंगामात चक्क यान चालवणारा. श्रद्धांजलीचा फलक नाही, भाषण नाही. माणसाला कामाला लावलं, बस्स.

हरवलेला माणूस शोधायलाही नाव वापरता येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या नूनियन नावाच्या ओळखीच्या माणसाने आपल्याला गाठावं, या आशेने रॉडेनबेरींनी ते नाव पात्रांना दिलं. त्यातून १९६७ साली खान नूनियन सिंग जन्माला आला. उत्तर भारतातला, बहुधा शीख, आडनावाच्या आधी खान, आणि भूमिकेत मेक्सिकोचे रिकार्डो मोंतालबान. तुमच्या परग्रहावर एखादा भारतीय पाठवणार असाल तर आधी एखाद्या भारतीयाला विचारा. फुकट सांगेल.

अक्षरांची उलटापालट हा पुढचा धडा, पण तो ‘डॉक्टर हू’ मालिकेकडूनच घ्यावा. तिथला गणितात तरबेज पोरगा ॲड्रिक म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांच्या नावाची रोमन अक्षरं जागा बदलून बसलेली. १९८३च्या एका कथेत खलनायक ‘मास्टर’ वेश पालटून येतो. प्रेक्षकांना आधी सुगावा लागू नये म्हणून नटाचं नाव छापलं ‘जेम्स स्टोकर’. अक्षरं फिरवा, ‘मास्टर्स जोक’ निघतं. देवनागरीत हा खेळ खेळू नका. सुटलेली वेलांटी कुणाच्या गळ्यात घालायची यावरच गाडी अडते.

आता लीला. टीव्हीवर त्या दोन आहेत, आणि परीक्षेत फरक हमखास विचारतात. पहिली ‘डॉक्टर हू’मधली, १९७७ची, कातड्याचे कपडे आणि हातात सुरा. लेखक क्रिस बाउचर यांनी तिचं नाव घेतलं लैला खालेद या पॅलेस्टिनी विमान-अपहरणकर्तीवरून. दुसरी १९९९च्या ‘फ्युचुरामा’तली, जांभळ्या केसांची, एका डोळ्याची, न्यू न्यूयॉर्कहून ग्रहोग्रही पार्सलं पोचवणाऱ्या यानाची कप्तान. तिचं पूर्ण नाव तुरंगा लीला. ते आलं फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ यांच्या ‘तुरंगलीला’ सिंफनीवरून. ही सिंफनी १९४९ साली बोस्टनमध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी पहिल्यांदा सादर केली. मेसियाँना ते नाव मिळालं शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मधल्या देशी तालांच्या यादीत. आणि तेराव्या शतकातला हा शार्ङ्गदेव होता कुठे? यादव राजा सिंघणाच्या दरबारी, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला. पेशा हिशेबनिसाचा. म्हणजे एकतिसाव्या शतकातल्या एकाक्ष वैमानिकेचं नाव जवळपास आठशे वर्षांपूर्वी दौलताबादच्या किल्ल्याखाली जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाच्या ग्रंथातून गेलं आहे, तेही पॅरिस-बोस्टनमार्गे. त्या यादीत एकशेवीस ताल आहेत. मेसियाँनी थोडेच नेले, बाकीचे तुमचे. झॉर्गची खरंच गरज आहे का?

नाव ठरलं की लगेच त्याच्या जन्माची गोष्टही रचून ठेवा, कारण मालिका चालली तर मुलाखतवाले तेवढंच विचारतात. टेरी नेशन यांनी १९६३ साली ‘डॉक्टर हू’मधले खलनायक ‘डॅलेक’ घडवले. नाव कुठून आणलं याला त्यांनी उत्तर दिलं की विश्वकोशाच्या एका खंडाच्या पाठीवर ‘डॅल ते लेक’ लिहिलेलं दिसलं. गोष्ट सुरेख होती, पत्रकार खूश. पुढे त्यांनीच कबूल केलं की असा खंड नव्हता, नाव आपलं सहज सुचलं होतं. तुम्हीही ही थाप वापरू शकता. फक्त मराठी विश्वकोशाचा खंड सांगू नका. तो आता ऑनलाइन आहे, आणि पुण्यातून पत्र येईल.